सासऱ्यांची घागर आणि शाळेचा स्लॅब

नव्या शाळेच्या छतात एक मडकं कमी पडलं आणि ते घरून आणून द्यायचं पंजाबराव हेडमास्तरांनी ठरवलं. एवढंच. माणसाची बुद्धी फिरायला याहून मोठं कारण लागत नाही.

सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं, तेही नशीब असेल तर. म्हणून अकोल्याहून आलेल्या तरुण इंजिनिअर साहेबांनी युक्ती काढली होती. स्लॅबात जागोजाग मातीची मडकी पालथी घालायची. सिमेंट वाचतं, मडक्यात हवा राहते आणि वैशाखातही वर्ग गार राहतो. गावाला हे काही पटेना, पण पंजाबरावांना लगेच पटलं. (साहेब लोकांचं त्यांना सगळंच लगेच पटे.) कुंभाराची अख्खी भट्टी शाळेनं उचलली. तरी ऐनवेळी, बाया घमेली घेऊन रांगेत उभ्या आणि कालवलेला माल घट्ट होऊ लागलेला, अशा वेळी एक मडकं कमी!

पंजाबराव धावत घरी गेले. तुळशीपाशी एक कोरं मडकं दिसलं. बायको, प्रयागबाई, आंबे आणायला गेली होती, तेव्हा विचारणार कुणाला? मडकं बाबूलाल मिस्त्रीच्या हातात दिलं तेव्हा कुठं त्यांना हायसं वाटलं.

संध्याकाळी प्रयागबाईंनी विचारलं, "आवो, घागर कुठी गेली?"

"कोणती घागर?"

"उद्या आखाजी नाई का? बाबाची पयलीच घागर हाये. त्याइले पोरगा नाई, जावयानंच भराची. माय येऊन राह्यली सकायच्या गाडीनं."

म्हणजे अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावानं भरायची ती घागर, आणि तीही याच वर्षी वारलेल्या सासऱ्यांची. सासरे दौलतराव जिवंत असताना या जावयानं त्यांना कधी सुख दिलं नव्हतं. आता निदान पाणी तरी द्यायचं, तर तेही गेलं.

"ती शाळेत आहे."

"शायेत कायले?"

"छतात."

प्रयागबाई तुळशीपाशी जाऊन रिकाम्या जागेकडे पाहत राहिल्या. कुंभाराकडे दुसरं मडकं नव्हतं. पंजाबरावांनी भीत भीत पितळेची कळशी सुचवली.

"बाबाले मातीचीच लागते," एवढंच उत्तर आलं.

सकाळी सासूबाई लीलाबाई आल्या. सगळं ऐकून त्यांनी पदर खोचला. "छतात हाये ना? मंग छतावर जाऊन पानी देऊ. पानी का खाली जात नाई?"

स्लॅब पक्का व्हावा म्हणून त्यावर मातीचे बांध घालून पाणी भरायचंच होतं. शिडीवर आधी सासूबाई, मागं प्रयागबाई, त्यांच्यामागं नैवेद्याचं डांगर, म्हणजे खरबूज, आणि चिंचेचं चिंचवणी सांभाळत जावई.

"कोन्ती आपली?" सासूबाईंनी विचारलं.

स्लॅब सगळा सपाट. पण जागा पंजाबरावांना पक्की आठवत होती. त्यांनी कोपऱ्यात ठामपणे बोट रोवलं. सासूबाईंनी तिथं कुंकू वाहिलं, पाण्याची धार सोडली आणि त्यांना हुंदका आवरेना. "प्या, पोटभर प्या," त्या म्हणाल्या. प्रयागबाईंनी डोळे पुसले आणि कालपासून पहिल्यांदा नवऱ्याकडे मायेनं पाहिलं. आयुष्यात एक तरी काम आपल्या हातून नीट झालं, असं वाटून पंजाबराव पाणी प्यायला खाली उतरले. मागोमाग प्रयागबाईही उतरल्या.

शिडीपाशी बाबूलालनं मजुरांसाठी पाणी भरून ठेवलं होतं.

"घ्या मास्तर, मस्त गार हाये. तुमच्याच घरचं मडकं."

अर्धा गिलास तोवर घशाखाली गेला होता. "माझ्या घरचं?"

"पोटानं मोठं निंगालं. सळयाईत बसेच ना. म्या बाजूले ठेवलं."

प्रयागबाई शेवटच्या पायरीवरच थबकल्या. "मंग आमी मंघापासून कोनाच्या बापाले पानी पाजून राह्यलो?"

"कोनाच्याच नाई, वैनी. मास्तरनं जागा बराबर दाखवली. पन तिथं निस्तं सिमीट भरलं म्या."

वर सासूबाई अजून हात जोडून उभ्या होत्या. त्यांना हे आता कोणीतरी सांगायला हवं होतं. प्रयागबाईंनी भरलेली घागर पंजाबरावांच्या खांद्यावर ठेवली आणि दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरून ठेवली.