भेदरलेलं बंदर

राज्यकर्ता लायक आहे की नाही हे रयतेला विचारू नये, हा राज्यकारभारातला पहिला नियम. दंगलीच्या दिवसांत मात्र नाइलाजाने विचारावं लागतं.

आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टवरच्या (म्हणजे आजच्या घानातल्या) आमच्या एन्सुआनो बंदरात तेव्हा विलायती कापडावर बहिष्कार चालू होता. जिल्ह्याचे इंग्रज साहेब व्हिटलसी यांनी सभाबंदी पुकारली, आणि ती पाळली जाते की नाही हे पाहायला स्वतः प्रत्येक सभेला हजर राहिले. (गाणी त्यांना आवडत. ठेकाही धरत.) अशा साहेबांच्या नेतृत्वगुणांचं मूल्यमापन करायला राजधानी अक्राहून तीन अधिकारी यायचे होते. दुभाषा मीच.

बहिष्कार चालवायची ती मासळीबाजारातली एफुआ आंटी. तिने आदल्या दिवशी बायका जमवल्या.

“हा गेला तर कामाचा माणूस येईल आणि बहिष्कार मोडून काढेल. तेव्हा उद्या सगळ्यांनी घाबरायचं.”

“कसं घाबरू, आंटी?” धाकटी अराबा म्हणाली. “तो दिसला की मला हसूच फुटतं.”

“मग तोंडावर फडकं धर. लांबून रडल्यासारखंच दिसतं.”

दुसऱ्या दिवशी बाजार मनापासून घाबरला. आंटीने साक्ष दिली, “साहेबांचं नाव काढलं की कढईतली मासळी आपणहून उलटते.” मी भाषांतर केलं: प्रशासनाचा वचक समाधानकारक. सभा होतात का, या प्रश्नावर ती म्हणाली, “साहेबांशिवाय एकही नाही.” (हे शंभर टक्के खरं होतं.)

अधिकारी भारावले. इतका खंबीर माणूस इतक्या भेदरट गावात वाया घालवणं त्यांना पटेना. व्हिटलसीसाहेबांना बढती देऊन, जिथे खरी दंगल पेटली होती तिथे धाडण्यात आलं. निघताना ते रडले. आम्हीही रडलो, आणि तेही खरंखुरं.

नवे साहेब पहाटे उठत आणि आमची भाषा आमच्यापेक्षा शुद्ध बोलत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आंटीला कोठडीत टाकलं. मी मक्याच्या आंबवलेल्या पिठाची केंकी आणि तळलेली मासळी घेऊन भेटायला गेलो.

“आंटी, आपलं चुकलं कुठे?”

“मीठ जास्त पडलं रे,” ती गजांमधून हात घालून मासळी घेत म्हणाली. “स्तुतीत थोडी नालस्ती मिसळायला हवी होती.”

वाचक हसत असतील. जरूर हसावं. नालायक साहेबाला आम्ही डोक्यावर घेतलं ते निदान स्वातंत्र्यासाठी. तुमचा देश तर कधीचाच स्वतंत्र झालाय. मग परवा तुमच्या साहेबांच्या निरोप समारंभात तुम्ही ते भाषण ठोकलंत, ते कशासाठी?