दहा गुंठे नापीक

बुधवारी येसाजी सकपाळ कोंबडं आरवायच्या आधीच उठून बसला होता. चुलीपुढं बसून त्यानं नाचणीची भाकरी तीनदा मोडली आणि तीनदा तशीच ताटात ठेवली. आज महाडचा सर्कल इन्स्पेक्टर त्याची जमीन बघायला येणार होता.

"खावा दोन घास," तुळसा म्हणाली. "सायब काय तुमाला खातोय?"

"तू गप गो. आन कुनाला काय बोललीस नाय ना?"

"भैरीची आन घातलाव ना मला? मग कशाला बोलतंय मी?"

गोष्ट अशी होती. येसाजीचा मुरारी आठ वर्षं मुंबईत मोटारीच्या कारखान्यात होता. शिमग्याला आला तेव्हा त्यानं बापाला सरळ सांगितलं, की महाड-पोलादपूरच्या सडकेवर आता मोटारसर्व्हिस सुरू झाली आहे, चढ चढून मोटारीचं पाणी आपल्या भेंडखोलीपाशीच उकळतं, आणि तिथं छप्पर, चहा आणि पाणी मिळालं तर गाडी रोज थांबवू असं मोटारवाले शेठ म्हणतात. "बा, सडकेवरच्या कातळात दुकान टाक. मी मुंबई सोडून येतो. नायतर नागपंचमीला येऊन बायको नि आवडीला चाळीत घेऊन जातो. अशी ताटातूट आता पुरे झाली."

आवडी म्हणजे चार वर्षांची नात. ती गेली की घरात उरणार दोन म्हातारी माणसं, एक बैलजोडी आणि भिंतीवरची पाल. येसाजीनं दुसऱ्याच दिवशी महाड गाठलं. तिथं त्याला कळलं, की आपल्याच जमिनीत दुकान घालायला सरकारची बिनशेती परवानगी लागते, आणि भाताची चांगली जमीन मोडून दुकान घालायला सरकार परवानगी देत नाही. जमीन नापीक असली तरच देतं. येसाजीला हसू आलं. नापीकच हवी ना? त्या दहा गुंठ्यांत त्याच्या आजानं कुदळ मोडली होती, बापानं दोन मोडल्या होत्या, आणि त्यानं स्वतः शहाणपणा करून कुदळच लावली नव्हती.

अर्ज महाडहून अलिबागला गेला. अलिबागची हवा त्याला फारच मानवली असावी, कारण फाल्गुनात गेलेला अर्ज परतला तो आषाढात. तोवर येसाजीनं गावात हूं की चूं केलं नव्हतं. बांधाला बांध लागून चुलतभाऊ कोंडाजीचा तसलाच कातळ होता. त्याला सुगावा लागला तर तोही अर्ज करील, आणि एका मोटारीला दोन दुकानं होतील, ही त्याला धास्ती. पण साहेब येणार हे लपवणार किती? काल कोंडाजीनं पाणवठ्यावर गाठलंच.

"येसू, सायब येतोय म्हनतात तुझं वावार बघाया. कशाला रे?"

"कशाला म्हंजे... बघाया," येसाजी म्हणाला आणि घागर न भरताच घरी आला.

आता बैलगाडी जोडून तो पोलादपूरला गेला आणि सरकारी बंगल्यावर साहेबांची वाट बघत ओटीवर बसून राहिला. वाकणकर साहेब म्हणजे बारीक अंगाचे, नाकावर चष्मा, हातात काठी, आणि खोट्याचा मनस्वी तिटकारा असलेले गृहस्थ. दुपार टळली तेव्हा कुठे ते गाडीत बसले.

"काय येसाजी, जमीन खरोखर नापीक आहे ना? काल वरंधला एकानं ऐन भाताचं शेत नापीक म्हणून दाखवलं. दंड करून आलो."

"सायब, तुमच्या गळ्याशपथ! तिथं गवत उगवत नाय. बकरी सोडली तर उपाशी परत येते. कावळासुदीक तिथं बसत नाय."

"बरं बरं. डोळ्यांनीच बघू."

वळण संपलं, गाडी चढावर आली, आणि येसाजीच्या हातून कासरा सुटला.

दहा गुंठे कातळ हिरवागार झाला होता. या बांधापासून त्या बांधापर्यंत भाताची रोपं ओळीनं उभी होती. पावसाच्या सरीत ती अशी काही डुलत होती, की बघणाऱ्याचे डोळे निवावेत. बांधावर इरली पांघरून अख्खी भेंडखोल उभी होती, कमरेपर्यंत चिखलानं माखलेली आणि भारी खूश.

येसाजीला आधी वाटलं गाव चुकलं. मग वाटलं आपण मेलो. तेवढ्यात तुळसा धावत आली आणि गाडीआड त्याच्या कानाशी लागली.

"अवो, तुमी गेलाव आन कोंडाजी मोठे भावजी चाळीस मानसं घेऊन आले. पडीक जमिनी सरकार काढून घेतंय म्हनून कुनी महाडच्या बाजारात बोललाय. येसूची जमीन जाऊ द्यायची नाय, म्हनाले. ज्यानं त्यानं घरचं भाताच्या रोपांचं आवन आनलं, पाट्या भरभरून आपल्या शेतातला चिखल आनून कातळावर वतला आन लावनी केली!"

"आन तू काय करत व्हतीस? नको म्हनली नायस?"

"शंभरदा म्हनले! पन इर्जिकीला कोन हो म्हनतंय? जितकं मी नको म्हनतंय, तितकी मानसं जोर करतात!"

हे मात्र खरं होतं. भेंडखोलीत एकाच्या शेतावर सगळा गाव फुकट राबायला आला, की घरधन्यानं 'नको, नको' म्हणायचं आणि लोकांनी ते ऐकायचं नाही, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. तुळसा तर आज रडून नको म्हणत होती. एवढी मानी बाई गावानं कधी पाहिली नव्हती, म्हणून लोकांनी आणखी वीस पाट्या चिखल ओतला. नको का, ते सांगावं तर गावदेव भैरीची आण.

"येसाजी," साहेब गाडीतून उतरत अगदी हळू म्हणाले, "हीच का ती जमीन? कावळा न बसणारी?"

येसाजी पुढं झाला. साहेबांनी वही काढली आणि छत्री त्याच्या हाती दिली. दोन्ही हात छत्रीला, वर साहेबांचं डोकं, खाली साहेबांची वही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

"इथला जाणता माणूस कोण?" साहेबांनी विचारलं.

कोंडाजी पुढं झाला. साठीचा, धिप्पाड, आवाज डोंगराला आपटून परत येणारा. "मी, सायब. येसूचा चुलतभाव."

"या जमिनीत भात किती पिकतं?"

"एक खंडी, सायब."

येसाजी खोकला. डोळे वटारले, मान हलवली. कोंडाजीनं ते पाहिलं आणि त्याला वाटलं, भाऊ म्हणतोय कमी सांगितलंस.

"एक म्हंजे वाईट सालाला. येरवी दोन."

येसाजी पुन्हा खोकला, इतका की छत्रीचं पाणी साहेबांच्या वहीवर उडालं.

"तीन!" कोंडाजी म्हणाला.

"आन मागनं वाल निघतो तो येगळा," गावकऱ्यांतल्या सदूनं पाठीमागून भर घातली. कोंडाजीची बायको साळूबाई तरी मागं का राहील? ती पदर सावरून म्हणाली, "यंदाचं आवन बघा की. चार खंडीला मरन नाय."

साहेबांनी चष्मा पुसला. "दहा गुंठ्यांत चार खंडी? अहो, सबंध कुलाबा जिल्ह्यात अशी जमीन नसेल. शेतकी खात्याला कळवलं पाहिजे." त्यांनी सगळं लिहून काढलं, वाचून दाखवलं, आणि कोंडाजी, सदू, साळूबाई अशा तिघांचे अंगठे घेतले. येसाजीला प्रत्येक अंगठा आपल्या नरड्यावर उमटल्यासारखा वाटला.

"बाकी यातलं एक अक्षर खोटं निघालं, तर पंचांवर खटला होतो बरं का," साहेब वही मिटत म्हणाले. "येसाजी, तुझा अर्ज नामंजूर करावा लागणार. असली जमीन मोडून दुकान? छे!"

झालं! करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. येसाजी त्या हिरव्या रोपांकडे बघत राहिला. एक रोप ओढून साहेबांच्या पुढं धरलं असतं, तर खाली चार बोटं चिखल आणि त्याखाली कातळ दिसला असता. एका ओढीत मुरारी घरी आला असता. पण त्याच ओढीत कोंडाजी कचेरीत उभा राहिला असता, साळूबाई आणि सदूसकट. आणि या माणसांनी ऐन लावणीच्या दिवसांत स्वतःची शेतं टाकून, घरचं आवण आणून इथं घातलं होतं. येसाजीला रडू आलं आणि पाऊस होता म्हणून ते चाललं.

"कसला अर्ज रे?" कोंडाजीनं विचारलं. "कसलं दुकान?"

"काय नाय, दादा."

"येसू, माझ्याकडं बघ. कसलं दुकान?"

आता लपवून तरी काय मिळणार होतं? येसाजीनं एका दमात सगळं सांगून टाकलं. मोटार, चहा, नागपंचमी, मुरारीची चाळ. साळूबाईनं चिखलाचाच हात तोंडावर ठेवला.

"मुरारी येनार व्हता?" कोंडाजीचा तो डोंगराला आपटणारा आवाज कुठल्या कुठे गेला. "माझ्या खांद्यावर बसून बारसगावची जत्रा बघितलेला मुरारी? आन हे तू मला सांगितला नायस?"

"मला भ्या वाटलं, दादा. तू पन अर्ज करशील म्हनून."

"केला असता की! भांडलो पन असतो तुझ्यासंगं! पन चिखल तरी वाहिला नसता रे मेल्या!"

येसाजीनं मान खाली घातली. उभ्या जन्मात त्याला एवढी लाज वाटली नव्हती.

साहेब गाडीकडे वळले, तशी तुळसा पदर खोचून आडवी झाली. धन्यानंच सगळं सांगून टाकल्यावर आण संपली होती, आता तिला कुणाची भीती नव्हती.

"सायब, तुमी म्हनताव ते बराबर हाय. सोन्यासारखी जमीन कशाला मोडायची? पन बांधापलीकडं मोठ्या भावजींचं वावार हाय, तेवढं बघाल का?"

साहेब बांधापलीकडं गेले. तिथं कुणी लावणी केली नव्हती, कारण गावातलं आवण संपलं होतं. त्यांनी काठी टेकली. ठण्ण! दुसरीकडं टेकली. ठण्ण! तिसऱ्यांदा जरा जोरानं टेकली, तर काठीचं टोकच तुटलं.

"हे मात्र शंभर टक्के नापीक," साहेब म्हणाले. मग थांबून त्यांनी अलीकडं पाहिलं, पलीकडं पाहिलं. "नवल आहे. बांधाच्या या बाजूला कातळ, आणि त्या बाजूला चार खंडी?"

कुणी हललं नाही. एक रोप पावसाच्या पाण्याबरोबर तरंगत बांधावरून आलं आणि साहेबांच्या बुटाला येऊन लागलं. साहेबांनी ते उचललं, उलटसुलट करून बघितलं आणि बांधावर नीट आडवं ठेवलं.

"मधी बांध हाय ना, सायब," तुळसा म्हणाली.

"हो, बांध आहे खरा." साहेब कोंडाजीकडं वळले. "कोंडाजी, तुझी ही नापीक जमीन येसाजीला दे आणि त्याची चार खंडीची तू घे. अदलाबदल दोघांच्या संमतीनं होते. या नापीक जमिनीत दुकानाची शिफारस मी आजच करतो. तुझ्या जबानीप्रमाणे यात तुझाच फायदा. की जबानीत काही चूक आहे?"

कोंडाजीनं आपल्या कातळाकडं पाहिलं. आंब्याची सावली होती, सडकेचं वळण होतं, दुकानाला पहिल्या नंबरची जागा. मग त्यानं रोपं तरंगायला लागलेल्या त्या चिखलाकडं पाहिलं. चेहरा असा झाला, जणू ऐन धारेच्या वेळी म्हैस पाण्यात जाऊन बसली आहे.

"दादा, नको," येसाजी म्हणाला. "खरंच नको."

"नको म्हनायची रीत मला नको शिकवूस!" कोंडाजी गरजला. "आमचं पोर घरी येतंय, आन मी कातळ कवटाळून बसू? आना तो कागद, सायब."

त्यानं अंगठा उठवला. तुळसानं पदर डोळ्यांना लावला. सदूची नजर मात्र येसाजीच्या घराकडं होती, कारण इर्जिकीचं जेवण घरधन्यावर असतं, आणि चाळीस माणसं सकाळपासून उपाशी होती. येसाजीनं त्याला खूण केली, की बोकड सोड. मुरारीला आज रात्रीच पत्र घालायला हवं होतं.

साहेब गाडीत चढून बसले. येसाजीनं बैलांना हाक दिली, तोच कोंडाजी चिखलातून धावत आला आणि चाक धरून उभा राहिला.

"सायब, वही मिटू नगा. आता ही येसूची जमीन माझी झाली का?"

"झाली."

"मंग माझा बी एक अर्ज लिवून घ्या. बिनशेतीचा. जमीन नापीक हाय."

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "कोंडाजी, घटकेपूर्वी हीत चार खंडी भात पिकत होतं."

"पिकत व्हतं ना, सायब. येसूच्या हाताला गुन हाय. माझ्या हातात आली की सोन्याचा कातळ व्हतो, उभ्या गावाला इचारा."

बांधावरच्या चाळीस माना एकदम डोलल्या. वाकणकर साहेबांनी बराच वेळ तुटक्या काठीच्या टोकाकडं पाहिलं, मग वही पुन्हा उघडली.

"लिहून घेतो," ते म्हणाले. "दिवाळीनंतर पाहणीला येईन. फक्त त्या दिवशी कृपा करून लावणी करू नका."