प्रदर्शनदोषी, श्रेणी अ

नेरूळमधल्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या वाचन उपसमितीने एक जुनी अमेरिकन कादंबरी चर्चेला घेतली. विषय होता श्रीमंतांच्या मोटारी, मेजवान्या आणि पोकळ मोठेपणा. प्राध्यापिका जयमालाबाईंनी प्रतीकं उलगडून दाखवली. मोटार ही नुसती मोटार नसते, सदरा हा नुसता सदरा नसतो. संस्थेचे अध्यक्ष दिलीपराव इतके हेलावले, की चहा येण्यापूर्वीच त्यांनी संपत्तीच्या प्रदर्शनावर बंदी घालणारा ठराव मंजूर करून घेतला.

बंदी घालायची तर यादी हवी आणि यादीसाठी पाहणी हवी. तपासणी पथक घरोघर फिरलं. दोषी सदस्यांच्या दारांवर नोटिसा डकवण्यात आल्या: ‘आपल्या सदनिकेत इटालियन संगमरवर, झुंबर व बोलणारा फ्रिज आढळल्याने आपण प्रदर्शनदोषी, श्रेणी अ, ठरला आहात. पंधरा दिवसांत खुलासा करावा.’

खुलासा कोणीच केला नाही. डॉक्टर धर्मराज यांनी नोटीस लॅमिनेट करून घेतली. त्यांच्या शेजाऱ्यांनी आपल्या नोटिशीला सोनेरी चौकट केली. श्रेणी ब मिळालेल्या मीनाताई रडतच कार्यालयात आल्या. “झुंबर माझ्याकडे पण आहे हो! तुमची माणसं आली तेव्हा लाइट गेली होती!” फेरतपासणीचे अर्ज इतके आले, की टोकन द्यावे लागले.

बी विंगमधले लिपिक सिताराम साळवे यांना मात्र नोटीसच आली नाही. एरवी त्यांना बरं वाटलं असतं. पण त्यांच्या अक्षताचं करंजाड्याच्या अभयशी जमलं होतं आणि रविवारी अभयची आई चांगुणाबाई घर बघायला येणार होत्या. त्यांनी फोनवर सांगितलं होतं, “तुमच्याकडे दारावर नोटीस असते म्हणे. वाचत वाचत येऊ.”

सितारामना जेवण जाईना.

“पप्पा, अभयला काय फरक नाय पडत,” अक्षता म्हणाली.

“त्याला नाय पडत. त्याच्या आईला पडतो.”

ते दिलीपरावांकडे गेले. “साहेब, आमाला पण एक नोटीस द्या. श्रेणी क असली तरी चालेल.”

“साळवे, तुमच्या घरात आक्षेपार्ह असं काहीच सापडलं नाही. तुम्ही तर आदर्श सदस्य!”

“आदर्श सदस्याची मुलगी कोण करून घेतो, साहेब?”

“मग पुरावा दाखवा.”

शनिवारी सितारामनी मंडपवाल्याकडून भाड्याने झुंबर आणलं. ते लग्नाच्या हॉलच्या मापाचं होतं. छताला टांगल्यावर ते जमिनीपासून चार फुटांवर आलं. घरातली माणसं वाकून वावरू लागली आणि भाताचं पातेलं रांगत नेऊ लागली.

दिलीपरावांसह पथक आलं. “हे भाड्याचं आहे,” एका सदस्याने आक्षेप घेतला.

दिलीपरावांनी चष्मा पुसला. “तोच तर मुद्दा आहे! बाकीच्यांकडे संपत्ती आहे, म्हणून प्रदर्शन होतं. यांच्याकडे संपत्तीच नाही. हे निव्वळ प्रदर्शन आहे!”

सितारामना श्रेणी अ-विशेष मिळाली. सगळ्या सोसायटीत तशी ती एकच होती. डॉक्टर धर्मराज खास जिना चढून ती बघायला आले.

रविवारी चांगुणाबाईंनी दारात उभं राहून नोटीस दोनदा वाचली, तिचा फोटो काढला आणि मान ताठ ठेवून आत शिरल्या. झुंबर कपाळावर आदळलं. अक्षता बर्फ घेऊन धावली. टेंगळावर तो धरता धरता तिला राहवेना.

“आई, खोटं कशाला बोलू? झुंबर भाड्याचं हाय.”

सितारामनी डोळे मिटून घेतले.

“ते बघितल्याबरोबर कळलं गं,” चांगुणाबाई म्हणाल्या. “नोटीस खरी आहे ना?”

नोटिशीवरचा शिक्का तपासून लग्न ठरलं.

वाचकहो, या ठरावाची नक्कल आता आजूबाजूच्या सोसायट्याही मागवू लागल्या आहेत. तुमच्याकडे तो आला, तर तुम्ही त्याला कडाडून विरोध कराल, याबद्दल शंका नाही. फक्त सभेला जाता जाता शेजाऱ्याच्या दारावरची श्रेणी तेवढी बघून घ्याल.