वाचताना वजन

सुहासिनी घोरपडे कादंबरी वाचायला बसल्या की कराडच्या अलकनंदा इमारतीतल्या प्रत्येक माणसाचे आणि वस्तूचे वजन सहाव्या हिश्शावर येत असे.

कादंबरी जाडजूड होती. तिच्यातले अंतराळयान इंधनावर नव्हे, तर एका म्हाताऱ्या चेटकिणीच्या मंत्रावर उडत होते. यानाची प्रकरणे आली की वजन उतरे. चेटकिणीची आली की चपला हाक मारल्यावर दारात येत. चपलांबद्दल कोणाची तक्रार नव्हती. तक्रार पाण्याची होती. वजन उतरले की गच्चीवरच्या टाकीतले पाणी नळाला नुसते ठिबकत असे.

सोसायटीचे सेक्रेटरी मोकाशी यांनी सभा बोलावली.

"मॅडम, वाचनाला सोसायटीचा विरोध नाही," ते म्हणाले. "पण संध्याकाळी भांडी घासायच्या वेळेला तरी नको."

"दिवसभर मी लॅबमध्ये रक्त तपासते. वाचणार ते संध्याकाळीच," सुहासिनीताई म्हणाल्या. "आणि पुस्तक मी अर्धवट सोडत नाही."

मागून तिसऱ्या मजल्यावरच्या यशवंत बाबरांनी बसूनच हात वर केला. ते एके काळचे नामांकित पैलवान. गुडघे गेल्यापासून घराबाहेर पडणे बंद झाले होते. आज त्यांना सभेला येता यावे म्हणून सुहासिनीताईंनी आधी चार पाने वाचली होती.

"सगळ्यांचं पाणी मी भरतो," बाबर म्हणाले. "ताई वाचत असल्या की हंडा मला फुलासारखा लागतो."

ठराव मंजूर झाला. बाबर रोज संध्याकाळी खालच्या हौदावर भरलेले हंडे दोन्ही खांद्यांवर घेऊन जिना चढू लागले. घराघरांतून त्यांना चहा मिळू लागला.

मग एका संध्याकाळी कादंबरी संपली. बाबर तेव्हा दुसऱ्या मजल्याच्या वळणावर होते. ते हंड्यांसकट तिथेच खाली बसले. चौघांनी त्यांना उचलून घरी नेले.

सुहासिनीताईंनी लगेच पहिले प्रकरण पुन्हा वाचून पाहिले. काही झाले नाही. पुढे काय होणार ते त्यांना माहीत होते.

बाबर खिडकीशी बसून राहिले. समोरच्या तालमीतून शड्डूचे आवाज येत. दुसऱ्या दिवशी त्यांनी खिडकी लावून घेतली. ते कळल्यावर सुहासिनीताई कादंबरी घेऊन वर गेल्या.

"काका, आता तुम्ही वाचा."

"मी? पेपरातली कुस्तीची बातमी तेवढी वाचतो मी, ताई."

"तशीच वाचा. मोठ्यानं."

बाबरांनी ओळीखाली बोट धरून वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या पानावर खुर्ची जमिनीवरून किंचित उचलली गेली. बाबर उभे राहिले, आणि वाचता वाचताच जिना उतरून रस्ता ओलांडू लागले. जवळून जाणाऱ्या दोन मोटरसायकली वर उचलल्या गेल्या. चालवणाऱ्यांनी ब्रेक दाबले, पण उपयोग झाला नाही.

तालमीत वस्ताद जोतिराम यांनी बाबरांना ओळखले.

"पुस्तक घेऊन कुस्ती नियमात बसत नाही, पैलवान."

"वाचायचं थांबलो की मला उभं राहता येत नाही, वस्ताद," बाबर दोन परिच्छेदांच्या मध्ये म्हणाले.

वस्तादांनी विचार केला. "मग ओळ गाळायची नाही. ओळ गाळली की हार."

बाबरांनी पुस्तक या हातातून त्या हातात घेत सदरा काढला, आखाड्यातली माती कपाळाला लावली आणि आवाज जरा चढवला. समोर रणधीर होता. यंदाची गदा त्याच्याकडे होती. तो अंगावर येताच बाबरांनी त्याला उजव्या हाताने उचलले आणि डोक्यावर धरून पुढे वाचू लागले. वाक्य संपेपर्यंत खाली टाकता येणार नव्हते.

सुहासिनीताई कडेला उभ्या होत्या. ते वाक्य त्यांनी वाचलेले होते.

"पाऊण पान आहे," त्यांनी वर पाहून रणधीरला सांगितले.

"बरं," रणधीर म्हणाला, आणि ऐकू लागला.