साहेबांचा गुलाबी शर्ट

पांढऱ्या हिऱ्यात रंग दिसला तर तो दोष. गुलाबी हिऱ्यात रंग कमी दिसला तर तोही दोषच. माणसांचंही साधारण असंच असतं, पण माणसांना तसं प्रमाणपत्र मिळत नाही. हिऱ्यांना मिळतं, आणि ते देणारी संस्था अत्यंत काटेकोर होती.

खोलीच्या भिंती राखाडी, पडदे राखाडी, परीक्षकांचे कोट राखाडी. (आजूबाजूचा रंग खड्यात उतरतो, म्हणून. एका परीक्षकाचं नाक सर्दीने लाल झालं, तेव्हा त्याला चार दिवस सक्तीने घरी बसवलं होतं.) रंगाच्या पायऱ्या नऊ, एक पायरी चढली की किंमत दुप्पट. तीन परीक्षक एकेकट्याने खडा बघणार आणि आपापली चिठ्ठी लिहिणार. वर्षात तीनदा ज्याचं मत इतर दोघांशी जुळलं नाही, त्याची नजर अधू समजून त्याला बाहेरच्या खिडकीवर कागद वाटायला बसवणार. दोघं चुकले आणि एकटा बरोबर निघाला, अशी नोंद संस्थेच्या दप्तरात एकही नाही.

थोरले परीक्षक एकतीस वर्षं त्या खुर्चीवर होते. खुर्ची म्हणजे त्यांचा जीव की प्राण. यंदा त्यांचं मत दोनदा जुळलं नव्हतं. बायको रोज डबा हातात देताना बजावायची, "अहो, जरा जुळवून घ्या."

त्या दिवशी वाटाण्याएवढा खडा आला. थोरल्यांनी चिमट्यात धरला. वा, गडद गुलाबी! सहज मान वळवली, तर खांद्यावरून साहेब डोकावत होते. अंगात नवाकोरा गुलाबी शर्ट, बायकोने वाढदिवसाला घेतलेला. (नियम परीक्षकांच्या कोटांबद्दल होता. साहेबांच्या शर्टाबद्दल नियम करणार कोण? साहेबच.)

"साहेब, जरा बाजूला होता का?"

साहेब बाजूला झाले. खडा दोन पायऱ्या उतरला.

"आधीच्या दोघांच्या मागेही तुम्हीच उभे होतात?"

"मग! एवढा मोलाचा खडा, लक्ष नको द्यायला?"

त्या दोघांनी काय लिहिलं असणार, हे थोरल्यांना चिठ्ठ्या न बघताच कळत होतं. त्यांनी खडा राखाडी पडद्यासमोर धरून पुन्हा एकदा पाहिला. मग लिहिलं, 'हलका'.

सोमवारी ते खिडकीवर बसले. त्याच आठवड्यात परिपत्रक निघालं: सदर शर्टामुळे कामाचा दर्जा दोन पायऱ्यांनी उंचावल्याचं आढळल्याने तो यापुढे साहेबांचा गणवेश समजावा.

खडा विकत घेणाऱ्या बाई तो आणि त्याचं प्रमाणपत्र न्यायला आल्या. थोरल्यांना राहवेना. "बाई, एकदा उजेडात धरून बघा. हलका आहे हो."

बाईंनी धरला. क्षणभर त्यांचाही चेहरा पडला. मग त्यांनी प्रमाणपत्र वाचलं, पुन्हा खडा पाहिला आणि त्या खुलल्या. "छे हो, चांगला गडद आहे! तुम्ही आधी डोळे तपासून घ्या."

थोरले त्याच संध्याकाळी तपासून आले. डोळे ठणठणीत निघाले. बायकोने कपाळाला हात लावला. "म्हणजे आता उपायच नाही!"

वाचकहो, ही गोष्ट बरी की वाईट, हे एवढ्यात ठरवू नका. आधी आणखी दोघांना विचारा. नाहीतरी विचारणारच होतात.