बॉबिनचा ताण

मास्तरांच्या एकुलत्या मुलीचं लग्न झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. लग्न मार्चमध्ये पार पडलं आणि एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात मांजरीने शिलाईच्या खुर्चीवरच्या उशीवर आपला कार्यक्रम उरकला.

मास्तर म्हणजे शिंपी. पुढच्या खोलीत दुकान, मागे संसार. मांजर मुलीने आणलेली. झोपली की असं घट्ट वेटोळं करायची की दोऱ्याचं बॉबिनच वाटावं, म्हणून नावही बॉबिन पडलं. मुलीच्या खोलीत, खिडकीखाली तिचा वाळूचा ट्रे असे. सात वर्षांत तिने त्याच्याबाहेर एक थेंब सांडला नव्हता.

पाठवणीच्या दुसऱ्याच दिवशी मास्तरांनी त्या खोलीतला पलंग उचलून माळ्यावर टाकला आणि कापड बेतायचं मोठं टेबल तिथे नेलं. "खोली रिकामी कशाला ठेवायची?" एवढंच ते म्हणाले. ट्रे गेला मागच्या बोळात, कपडे धुण्याच्या मशीनशेजारी.

उशीनंतर चिंध्यांची टोपली झाली. मग एका गिऱ्हाइकाची तयार पँट.

"मास्तर, हिला वास कसला येतोय?"

"नव्या कापडाचा."

"नवं कुठलं? दोन वर्षं माझ्याच कपाटात पडलं होतं."

पँट पुन्हा धुऊन, इस्त्री करून दिली. संध्याकाळी मास्तरांनी जाहीर केलं, "शनिवारपर्यंत सुधारली तर ठीक. नाहीतर किराणा दुकानदार कधीचा मांजर मागतोय, त्याच्याकडे उंदीर आहेत. घेऊन जाईल."

बायकोने ताबडतोब मुलीला फोन लावून दिला.

"बाबा, तिला देऊन टाकलंत तर मी माहेरी येऊन भेटू कुणाला?"

"का? आम्ही आहोत की."

"आई आहे. तुम्ही मशीनवर असता."

मास्तरांनी फोन बायकोच्या हातात दिला आणि दुसऱ्या दिवशी बॉबिनला पिशवीत घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी तिचं पोट दाबून पाहिलं, लघवी तपासली. "आजार काही नाही. हिला ताण आलाय."

मास्तरांचा चेहरा उजळला. आयुष्य दोऱ्याच्या ताणावर गेलेलं. त्या शास्त्रात त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

"वरचा की खालचा?"

डॉक्टर जरा गोंधळले. "आता लघवीची तक्रार आहे म्हटल्यावर... खालचाच म्हणायचा."

"म्हणजे बॉबिनचाच! मशीनमध्येसुद्धा खालचा ताण बॉबिनचाच असतो."

"असेल, असेल. घरात काही बदललंय का एवढ्यात?"

"काही नाही."

"मग घर शांत ठेवा. आरडाओरडा नको, भांडण नको. ट्रे साफ आणि निवांत जागी असू द्या."

ट्रेचं मास्तरांनी ऐकलंच नाही. त्यांचं डोकं ताणातच अडकलं होतं. वरचा ताण सैल केला की खालचा आपसूक बसतो, हे त्यांना पाठ होतं. आता घरात वरचं कोण? तर माणसं. म्हणजे माणसांनी सैल व्हायचं. त्या दिवसापासून घरात कुजबूज सुरू झाली. रेडिओ बंद. कुकरच्या शिट्टीवर बंदी. बायको तर नाक दाबून शिंकू लागली.

"अहो, किती दिवस हे असं?" ती पुटपुटली.

"टाका सरळ येईपर्यंत."

नेमके त्याच कुजबुजीत गावातल्या कॉलेजचे प्राचार्य कोटाचं माप द्यायला आले. शनिवारी ते निवृत्त होणार होते. मास्तरांची पद्धत अशी की टेप लावून आकडा आपण ओरडायचा आणि दाराआडून बायकोने वहीत लिहायचा. पंचवीस वर्षांत चूक नव्हती, कारण मास्तरांचा आवाज चौकापर्यंत जायचा. आज मात्र ते प्राचार्यांच्या पोटाशीच कुजबुजले, "एक्केचाळीस."

"कोण आजारी आहे का घरात?" प्राचार्यांनीही हळूच विचारलं.

"मांजर."

"अरेरे," म्हणून प्राचार्यांनी जाताना चपलासुद्धा हातात घेतल्या.

बॉबिनवर या साऱ्याचा काडीइतका परिणाम झाला नाही. गुरुवारी तिने मास्तरांच्या जोड्यात कारभार केला.

शुक्रवारी संध्याकाळी प्राचार्य कोट घालून पाहायला आले. खांदे झकास, बाह्या सुरेख. पण पोटावर गुंडी आणि काज यांची काही केल्या गाठ पडेना.

"सर, श्वास आत घ्या."

"घेतलाय."

"अजून थोडा."

"मास्तर, उद्या मला भाषण करायचंय. श्वास न सोडता ते कसं करू?"

मास्तरांनी वही ओढली. पोट एकोणचाळीस!

"एकोणचाळीस?" आठवडाभर कोंडलेला आवाज एकदम फुटला. "मी एक्केचाळीस म्हणालो होतो!"

"म्हणाला होतात की फुंकर मारली होतीत?" बायकोही कुजबूज विसरली. "एक-काहीतरी-चाळीस एवढंच ऐकू आलं. आणि सरांच्या तोंडावर पोट वाढवून कसं लिहू मी?"

प्राचार्यांनी खाली स्वतःकडे पाहिलं.

या गदारोळात बॉबिन मशीनखालून निघाली. ओरडण्याकडे तिचं लक्षही नव्हतं. ती सरळ मुलीच्या खोलीत गेली, टेबलाखाली शिरली आणि खिडकीखालची कोरडी फरशी नखांनी खरवडू लागली. खरवडायची, वास घ्यायची, पुन्हा खरवडायची.

तिघंही तिच्यामागून दाराशी आले.

"हे काय करतेय?" प्राचार्यांनी विचारलं.

"ट्रे होता तिचा तिथे," बायको म्हणाली. "आता टाकलाय बोळात. धुण्याचं मशीन गरगरायला लागलं की बिचारी अर्धवट उठून पळते. डॉक्टरांनी यांना विचारलं, घरात काय बदललंय. तर हे म्हणाले काही नाही. पोटची पोर सासरी गेली, ते काही नाही!"

मास्तरांनी गळ्यातला टेप गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. मग म्हणाले, "सर, जरा हात लावता? टेबल जड आहे."

तंग कोटातच प्राचार्यांनी टेबलाचं एक टोक धरलं. टेबल बाहेर गेलं. मास्तर स्वतः बोळात जाऊन ट्रे घेऊन आले, नवी वाळू ओतली आणि खिडकीखाली ठेवून मागे सरले.

बॉबिन आली. तिने ट्रेला एक फेरी मारली. एक पाय आत टाकला. तिघांनीही श्वास रोखून धरला, आणि त्या रोखलेल्या श्वासात मास्तरांनी अलगद पुढे होऊन प्राचार्यांची गुंडी लावून टाकली.

बॉबिन बसली. चांगली मिनिटभर बसली. झाल्यावर उठून मागे वळली.

"झालं!" म्हणत प्राचार्यांनी श्वास सोडला. गुंडी बंदुकीसारखी सुटली ती थेट ट्रेमध्ये. बॉबिनने तिच्याकडे एकवार पाहिलं आणि बाकीच्या ऐवजाबरोबर तिच्यावरही नीटनेटकी वाळू लोटली.

कोटाचं काही बिघडलं नाही. मास्तर शिवणीत दोन इंच कापड नेहमी दाबून ठेवत. ते सोडलं आणि सकाळपर्यंत कोट एक्केचाळीस झाला. गुंडी मात्र कुणी शोधायला तयार होईना. निवृत्तीच्या फोटोत प्राचार्यांच्या पोटावरची गुंडी जरा वेगळ्या रंगाची आहे, ती त्यामुळे.

शनिवारी किराणा दुकानदार टोपली घेऊन आला.

"मास्तर, मांजर नेतो."

"तिला सवड नाही," मास्तर म्हणाले आणि पलंग माळ्यावरून उतरवायला त्यालाच हाताशी घेतलं.

त्यानंतर हातशिलाईचं काम मास्तर त्याच पलंगावर बसून करू लागले. मुलगी पहिल्यांदा माहेरी आली, तेव्हा तिला ते दोघंही तिथेच सापडले. मांजर पायाशी, आणि मास्तर सुईत दोरा ओवून घ्यायला लेकीचीच वाट पाहत.

बॉबिन गेली ती नात पहिलीत गेली त्या वर्षी, फेब्रुवारीत. मास्तर त्यानंतर चौदा महिन्यांनी, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात वारले.