दोन बोटं आणि एक नारळ

कुठलीही गाडी दिसली की माधोजीअण्णा आधी तिच्या चाकावर हात ठेवतात. म्हणजे चाकाचा वरचा भाग आणि त्याच्यावरची पत्र्याची कमान यांच्यामधल्या फटीत बोटं घालतात. एक, दोन, तीन अशी बोटं रचून बघतात आणि मग त्या गाडीबद्दल आणि तिच्या मालकाबद्दल आपलं मत ठरवतात. पुतण्याच्या लग्नात नवरदेवाची फुलांनी मढवलेली गाडी मांडवाच्या दारात आली, आणि वरमाई उतरायच्या आत अण्णा चाकाजवळ उकिडवे! "चार बोटं!" ते ओरडले. "अय्यो, ही गाडी आहे की बैलगाडी?" व्याह्यांना वाटलं, यांच्याकडची काहीतरी दृष्ट काढायची रीत असेल. त्यांनी बिचाऱ्यांनी हात जोडले.

चामराजपेटेत आम्ही ज्या घरात भाड्यानं राहतो, त्याच्या खालच्या मजल्यावर अण्णा आणि त्यांची बायको तुळसाअक्का राहतात. त्यांचे पूर्वज तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आले, असं अण्णा सांगतात. त्यामुळे त्यांच्या मराठीत 'स्वल्प' म्हणजे थोडं, 'सरी' म्हणजे बरं, असे कानडी शब्द मिठासारखे पडलेले असतात. मी पुण्याहून आलेली, म्हणून त्यांनी माझं नाव ठेवलंय पुणेबाई. मी दहा वेळा खरं नाव सांगून बघितलं. "सरी, पुणेबाई," म्हणाले. तेव्हापासून मी नाद सोडला.

अण्णांनी सरकारी कारखान्यात जन्मभर मोजमापाची कामं केली. केसाच्या जाडीचा फरक पकडणारा माणूस! पण आता त्यांची मापं दोनच उरली आहेत. चाकाच्या वर दोन बोटं, आणि गाडीच्या पोटाखालून एक नारळ. "वर दोन बोटं, खाली एक नारळ, की गाडी पास." बाकी जगातल्या सगळ्या मोजपट्ट्या त्यांच्या लेखी फुकट.

हे सगळं सुरू झालं या उन्हाळ्यानंतर. अण्णांकडे एक उंच, सात माणसांची, पांढरी, अगदी सभ्य गाडी आहे. एक दिवस ती गॅरेजमधून परत आली ती बसकी होऊन. स्प्रिंगा बदलून त्यांनी ती दीड इंच खाली आणली होती! आमच्या रस्त्यावरची कॉलेजची पोरं बघायला जमली. सत्तरीला टेकलेला माणूस, कपाळाला गंध, आणि गाडी अशी जमिनीला टेकायला आलेली. पोरांनी शिट्ट्या मारल्या, आणि अण्णांनी त्यांना हात केला.

मला मात्र संताप आला. कारण आत तुळसाअक्का होत्या. उन्हाळ्यात त्या न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आता वॉकर धरून फाटकापर्यंत येतात, पण त्यापुढे नाही. अक्का आहेत जेमतेम माझ्या खांद्याएवढ्या. हॉस्पिटलातून आणताना त्या उंच गाडीत त्यांना चढता येईना, तेव्हा भाच्यानं आणि ड्रायव्हरनं मिळून उचललं. उतरवतानाही तसंच, सगळ्या गल्लीसमोर. त्या दिवशी अक्कांनी सांगून टाकलं, "मी तांदळाचं पोतं नव्हे. पुन्हा मला कुणी उचलायचं नाही." रिक्षातही बसून बघितलं, पहिल्याच खड्ड्यात कळ आली. त्यांची थोरली बहीण के. आर. पुरमला असते. दसऱ्याला तिथे बाहुल्यांच्या पायऱ्या मांडतात, आणि त्या मांडायला लग्न झाल्यापासून दरवर्षी अक्का जातात. यंदा त्यांनी बहिणीला फोनवर सांगितलं, "तूच मांड गं." फोन ठेवून त्या भिंतीकडे बघत बसल्या. आणि नवरा बाहेर गाडीच्या चाकात बोटं घालतोय!

एका सकाळी मी खाली आले तर अण्णा गाडीखाली आडवे. हातात नारळ. तो ते गाडीच्या पोटाखालून घरंगळवत होते आणि तो सुटतो का ते बघत होते. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं, गाडीची पूजा चाललीय. फुलवाल्या म्हातारीनं बॉनेटवर शेवंती ठेवली आणि नमस्कार करून पुढे गेली.

माझा बांध फुटला. "अण्णा, घरात अक्का कोंडल्यासारख्या बसल्यात आणि तुम्ही पोरासोरांचे खेळ करताय? शोभतं का या वयात?"

अण्णा गाडीखालून सरपटत बाहेर आले. रागावले नाहीत. बाजूला एक निळं प्लास्टिकचं स्टूल पडलेलं होतं, ते उचलून त्यांनी गाडीच्या डाव्या दाराशी ठेवलं आणि दार उघडलं.

"हे तुळसाचं स्वयंपाकघरातलं स्टूल. यावर ती आपली आपण बसते, आपली आपण उठते. कुणाचा हात लागत नाही. गाडीची सीट या स्टुलाएवढी खाली आली, की स्टुलावरून सरकली, बसली! झालं. सीटचा फोम पण कापून घेतला मी." मग स्वल्प जवळ येऊन म्हणाले, "तिला सांगू नका हं. नाही जमलं तर?"

मी स्टूल बघितलं, सीट बघितली. अजून चांगलं दोन बोटांचं अंतर होतं. आणि काय सांगू, त्या क्षणापासून मलाही चाकांचं वेड लागलं!

कारण पेच मोठा होता. गाडी आणखी फार खाली आणावी तर स्पीडब्रेकरवर पोट घासतं. बारीक, चपटे टायर घालावेत तर प्रत्येक खड्डा थेट अक्कांच्या खुब्यात. जाड टायर घालावेत तर गाडी पुन्हा वर. मी जेवताना नवऱ्याला टायरच्या भिंतीची उंची समजावून सांगायला लागले. तो ताट घेऊन टीव्हीसमोर जाऊन बसला.

उत्तर अण्णांनी काढलं. रिम एक इंच लहान, टायरची भिंत होती तेवढीच जाड. चाक एकूण लहान झालं, नारळापुरती जागा ठेवून गाडी आणखी थोडी बसली, आणि टायरची गादी मऊच्या मऊ. "एकशे पंच्याहत्तर, सत्तर, चौदा!" टायरची रुंदी, भिंत आणि रिम यांचे हे आकडे ते स्तोत्रासारखे म्हणत हिंडायला लागले. मार्केटमागच्या टायरवाल्यानं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. त्याच्याकडे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक मोठी, चकचकीत रिम मागतं. "अंकल, सब लोग ऊपर जाते, आप नीचे?" अण्णा म्हणाले, "माझं माणूस छोटं आहे." आणि खिशातून रुमाल काढावा तसा पिशवीतून नारळ काढून त्याच्या टेबलावर ठेवला. नवीन रिम ब्रेकला घासत नाही हे दोनदा फिरवून बघितल्याशिवाय त्यांनी चाकं बसवू दिली नाहीत.

मग भार टाकून चाचणी. भरलेल्या गाडीत टायर कमानीला घासतो का ते बघायचं होतं. अण्णा भर रस्त्यात ओरडले, "पुणेबाई, तुमचं वजन किती? खरं सांगा, टायरचा प्रश्न आहे!" मी दहा किलो कमी सांगितलं. नंतर चाचणी चुकेल या भीतीनं कानात जाऊन खरं सांगितलं. मागे आम्ही शेजारचे पाचजण कोंबून बसलो. पुढची डावी सीट मात्र कुणाला देईनात. तिथे तांदळाची दोन पोती ठेवली आणि वर पट्टा लावला. खिडकीतून अक्का म्हणाल्या, "माझ्या जागेवर शेवटी पोतंच बसवलंत ना?"

गाडी निघाली. प्रत्येक स्पीडब्रेकर आला की अण्णा वेग कमी करायचे, डावीकडे मान वळवायचे आणि हळूच म्हणायचे, "तुळसे, हंप." पोत्याला! मागे आम्ही हसून हसून लोळलो. ते पुढच्या हंपलाही म्हणाले, त्याच्या पुढच्याही. मग मात्र आमचं हसू आपोआप थांबलं. उन्हाळ्यापासून हा माणूस एकटा गाडी चालवतोय आणि रोज असंच बोलतोय, हे मला तेव्हा कळलं.

आयुधपूजेची, म्हणजे आपल्या खंडेनवमीची, सकाळ आली. गाडीला झेंडूच्या माळा, चार चाकांखाली चार लिंबं. गल्लीतली सगळ्यांची वाहनं पुजून झाली, पण हलेना कुणी. वॉकर टेकत अक्का फाटकाशी आल्या. निळं स्टूल दाराशी तयार होतं. अक्कांनी स्टुलाकडे बघितलं, सीटकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं. सगळं त्यांना समजलं. त्या स्टुलावर बसल्या आणि सीटवर तळहात टेकला.

"स्वल्प उंच आहे हो अजून," त्या म्हणाल्या.

अण्णांचा चेहरा पडला. "एक बोट. एकच बोट, तुळसे! उद्या पासष्टचा टायर आणतो, नाहीतर स्प्रिंग..."

"गप बसा. तेवढी मी चढते की! सगळंच तुम्ही खाली आणलंत, तर मी काय करायचं?"

त्यांनी खिडकीवरची मूठ धरली, दात आवळले, आणि एक हिसका दिला. बसल्या! कुणाचाही हात न लागता. गल्लीनं टाळ्या वाजवल्या, मी तर चक्क रडले. अण्णांना काही सुचेना. ते धावत जाऊन स्टिअरिंगवर बसले, लिंबं चिरडली, आणि गाडी निघालीसुद्धा. चाकावर बोटं घालायचं विसरले. आणि स्टूलही विसरले!

"अहो अण्णा, बहिणीकडे बाहुल्या बघायला निघालात, पण तिकडे उतरायचं कसं?" मी स्टूल डोक्यावर धरून गाडीमागे धावले. पहिल्याच स्पीडब्रेकरपाशी त्यांना गाठलं. काच खाली होती. अण्णांनी वेग कमी केला, मान डावीकडे वळवली आणि सवयीनं हळूच म्हणाले, "तुळसे, हंप."

"दिसतोय हो मला," अक्का म्हणाल्या. "तुम्ही पुढे बघा."

अण्णांनी पुढे बघितलं. पण गाडी बराच वेळ हललीच नाही.